मुज्तबाभाईंची सत्तर-दोनशे

आमचे भुजंगराव पेढे घेतले तरी पेटीच्या तळाचा एक फोडून बघतात. वर ताजे आणि खाली कालचे असणारच, असं त्यांचं ठाम मत आहे. नांदेडला वजिराबादच्या मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो मी काढते, अल्बमही मीच बनवते आणि व्यवहार ते बघतात. व्यवहार बघायचा म्हणजे समोरचा आपल्याला फसवणार हे आधी धरून चालायचं, आणि तो फसवत नाही याचा पुरावा त्यालाच मागायचा. इतकी वर्षं मी याला स्वभाव म्हणत आले, चारचौघांत त्याची थट्टाही केली. या उन्हाळ्यात मात्र मला त्या स्वभावाची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही.

निमित्त एका लेन्सचं झालं. लग्नात अक्षता पडायच्या वेळी स्टेजवर काय गर्दी उसळते ते सगळ्यांनी पाहिलंय. मामा, मेहुणे, मित्र, व्हिडिओवाला, त्याचा लाइट धरणारा, आणि मोबाइल वर करून उभे राहिलेले पाहुणे. माझी उंची बेताची. मंगलाष्टकं संपेपर्यंत मला लोकांची कोपरंच दिसतात. शिवाय मला हवे असतात ते चेहरे स्टेजवर नसतातच. आमच्याकडे बऱ्याच घरांत नवरीची आई अक्षता पडताना समोर थांबत नाही. ती मागे कुठेतरी, खांबाआड नाहीतर भटारखान्याच्या दाराशी उभी असते आणि डोळ्यांना पदर लावते. कॅमेरा घेऊन तिच्याजवळ गेलं की ती लगेच पदर सारखा करते आणि हसते. मग तो फोटो वाया जातो.

तो लांबूनच घ्यावा लागतो. त्यासाठी मला टेलिफोटो झूम लेन्स हवी होती, धंद्यात जिला आम्ही सत्तर-दोनशे म्हणतो. तीही स्टॅबिलायझरवाली. मंगल कार्यालयात उजेड यथातथाच, ट्रायपॉड उभा केला की पोरं त्याच्या पायांत अडकणार, आणि हातात धरावी तर दीड किलोची वस्तू. हात जरासा हलला तरी लांबचा चेहरा पुसल्यासारखा येतो. स्टॅबिलायझर ती हालचाल आतल्या आत सांभाळून घेतो.

माझ्यापुढे अशा दोन लेन्स होत्या. एक आमच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची, वापरलेली, मुज्तबाभाई विकत होते ती. दुसरी वेगळ्या कंपनीची, पण आमच्या कॅमेऱ्याला बसणारी, लातूरला उमाशंकर नावाच्या दुकानदाराकडे, कोरी, खोक्यातली.

मुज्तबाभाईंचा स्टुडिओ देगलूर नाक्याला. त्यांच्याकडच्या शादीत बायकांच्या बाजूचे फोटो काढायला ते मलाच बोलावतात, आणि त्यांचे निम्मे अल्बम माझ्या कॉम्प्युटरवर तयार होतात. लग्नसराईत आमचा फ्लॅश त्यांच्याकडे असतो, त्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडे. नांदेडच्या फोटोग्राफरांचं सगळं असंच चालतं. एका दिवसात तीन-तीन लग्नं, कुणाकडेच सगळं सामान नाही. एकाची वस्तू दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, कुठे चिठ्ठी नाही की पावती नाही. ज्याच्या नावाला बट्टा लागला त्याला कुणी साधी केबल देत नाही, आणि मग त्याची सराई संपलीच म्हणायची.

भाईंनी नवा बिनआरशाचा कॅमेरा घेतला होता. त्याला ही जुनी लेन्स लावायची तर मध्ये जोड लागतो, म्हणून ती ते काढून टाकत होते. मी बघायला गेले तर त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि सरळ माझ्या बॅगेत ठेवली.

"भाभी, घेऊन जाव. दोन-चार लग्नं मारून बघा. पसंत पडली तर ठेवा, न्हाई तर वापस आणा. जल्दी काय हाय?"

त्यांनी माझ्याकडून ना विसार घेतला ना कसला शब्द. मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिलंच लग्न विष्णुपुरीला होतं. मी मंडपाच्या पार शेवटी, जेवणाच्या टेबलांपाशी उभी राहिले. बटण अर्धं दाबलं की लेन्सच्या आत बारीक घरघर व्हायची, आणि डोळ्यापुढे डुलणारं चित्र, थोपटल्यावर पोर शांत व्हावं तसं, हळूच थांबायचं. अक्षता पडत होत्या, सगळ्यांच्या माना स्टेजकडे, आणि मला पलीकडच्या भिंतीपाशी नवरीची आई सापडली. तिनं पदर दातांत धरला होता. घरी येऊन फोटो मोठा केला तर तिच्या पापण्यांचे केस वेगळे दिसत होते, पदरावर दातांनी पडलेली चुणीसुद्धा. मला फार आनंद झाला. ही लेन्स मला हवीच होती.

भुजंगरावांना फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडे एकदा बघितलं आणि लेन्स हातात घेतली.

"खोकं कुठं हाय हिचं?"

"मागच्या पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं, त्यात भिजून गेलं म्हणले."

"अन् बिल?"

"हैदराबादला घेतली होती. भाच्याच्या नावावर हाय बिल."

"हां," ते म्हणाले. हा त्यांचा 'हां' मी ओळखते. "एवढी चांगली लेन्स माणूस कामून विकून राहिला मग?"

"नवा कॅमेरा घेतला ना त्यांनी. सांगितलं की तुम्हाला."

"ते त्यानं सांगितलं. आपण एकदा लातूरला जाऊन येऊ. कोरी ती कोरी."

मी म्हटलं, जाऊ. दुसरी बघितल्याशिवाय पहिलीची किंमत कळत नाही, हे मलाही पटत होतं. लातूरची बस लोह्यावरून जाते. लोह्यात रस्त्यालगत एक मंगल कार्यालय आहे. ते आलं तसं भुजंगरावांनी मला कोपरानं ढोसलं.

"इथंच रामलिंगची बॅग गेली."

रामलिंग हा देगलूरचा फोटोग्राफर. माघातल्या लग्नात स्टेजखाली बॅग ठेवून जेवायला बसला, परत आला तर बॅग नाही. बॅगेत त्याची सत्तर-दोनशे होती, आमच्या कंपनीचीच. त्याचे अल्बमही मीच करायचे, त्यामुळे फोनवर तो किती रडकुंडीला आला होता ते मला ठाऊक होतं. मी हळहळले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. बसमध्ये वेळ जात नाही म्हणून आमचे हे बोलतायत, एवढंच मला वाटलं.

उमाशंकर यांचं दुकान गंजगोलाईच्या एका फाट्यावर. माणूस तोंडाचा फार गोड.

"या वहिनी, या! थंड सांगू का चहा? सायेब, फॅनखाली बसा."

भुजंगराव माझ्या कानाशी आले. "इतकं गोड बोलून राहिला म्हंजे माल पडून हाय बघ."

मी लेन्स कॅमेऱ्याला लावून दुकानाच्या दारात उभी राहिले. समोर रस्त्यापलीकडे एक बाई टोपलीत मोसंबी रचत होती. बटण दाबलं आणि खरं सांगते, मी थक्क झाले. चित्र जागच्या जागी चिकटलं. भाईंच्या लेन्समध्ये ते हळूहळू थांबायचं, इथं खिळा ठोकल्यासारखं थांबलं. पण मग एक सायकलवाला आला आणि मी त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवला, तर चित्र आधी मागे ओढलं गेलं आणि एकदम उडी मारून पुढे आलं. भाईंच्या लेन्सला अशा वेळेसाठी वेगळं बटण होतं. ते दाबलं की आडव्या हालचालीत ती मध्ये पडत नाही. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातला कॅलेंडरवरचा चेहराही या लेन्सनं जरा चाचपडतच धरला.

"लग्नात कोण पळून राहिलंय वहिनी?" उमाशंकर हसून म्हणाले.

"वरात नाचते की," मी म्हटलं.

तेवढ्यात भुजंगरावांनी खोक्याची झडती सुरू केली होती. लेन्सवरचा नंबर, खोक्यावरचा नंबर, गॅरंटी कार्डावरचा नंबर, तिन्ही ताडून पाहिले. थर्माकोल हुंगला. खोक्याचं सील फुटलेलं कसं, म्हणून विचारलं. परत आलेला माल नवा म्हणून खपवता का, असं तोंडावर म्हणाले. उमाशंकरना त्याचं काही वाटलं नाही. ते हसत हसत उत्तरं देत होते, चहा पुढे सरकवत होते. दुकानदाराला याची सवयच असते, गिऱ्हाईक संशय घेणार आणि तो शपथा घेणार. हा खेळ आमच्या भुजंगरावांना फार आवडतो. सगळीकडे तो खेळता येत नाही, हे त्यांना मी आधीच सांगायला हवं होतं.

परतताना मी म्हटलं, "मुज्तबाभाईंचीच घेऊ. माझं ठरलं."

"घेऊ की. तपासून घेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लेन्स घेऊन गच्चीवर बसले. निगेटिव्ह बघायचं आमचं जुनं भिंग त्यांनी शोधून काढलं होतं. काचेत बुरशी आहे का बघितलं, नव्हती. स्क्रूवर पेचकसाचे ओरखडे आहेत का बघितलं, नव्हते. रिंग फिरवून, लेन्स कानाशी हलवून झाली. मी कपडे वाळत घालत होते आणि मनात हसत होते.

"आरती, इकडं ये."

स्टॅबिलायझरच्या बटणाची जी खाच असते, तिच्यात लाल काहीतरी भरलेलं होतं. त्यांनी टाचणीनं कोरून तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं. कुंकू होतं. ओलं लावून वाळलेलं.

"मुज्तबाच्या लेन्सला कुंकू कुठनं आलं?"

मी त्यांना वेड्यात काढलं असं मला इथे लिहायला आवडलं असतं. पण मी गप्प राहिले. माझ्याही डोळ्यापुढे लोह्याचं ते कार्यालय आलं. खोकं नाही, बिल दुसऱ्याच्या नावावर, चांगली वस्तू विकायला काढलेली, आणि आता हे कुंकू. सगळं एकात एक बसत गेलं. ते बसत गेलं याचं मला भय वाटलं, पण बसलं खरं.

"त्यांनाच विचारू ना आपण," मी म्हटलं.

"असं कुणी विचारतं का, ही चोरीची हाय का म्हणून?"

"चोरीची कोण म्हणलं?"

"मी कुठं म्हणून राहिलो? हे कुंकू म्हणून राहिलंय."

त्यांनी मोबाइल काढला, खाचेचा फोटो घेतला आणि रामलिंगला पाठवला. खाली लिहिलं, 'ही ओळखता का?' मी शेजारी उभी होते. हातात ओली चादर होती. पाठवू नका, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही.

रामलिंगचं उत्तर लगेच आलं. 'माझीच! माझ्याबी बटनापाशी कुंकू होतं. कुठं सापडली?' भुजंगरावांनी लिहिलं, 'मुज्तबाकडून आलीय. अजून नक्की नाही. कुठं बोलू नका.'

चहाच्या वेळेपर्यंत तो फोटो फोटोग्राफर संघटनेच्या ग्रुपवर होता. रामलिंगनं टाकला होता, खाली मुज्तबाभाईंचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह होतं म्हणजे आरोप नव्हता, असं नंतर सगळेच म्हणाले. पण त्याच संध्याकाळी एकानं भाईंकडे असलेला आपला फ्लॅश मागून नेला. दुसऱ्यानं बॅटऱ्या नेल्या. विष्णुपुरीच्या एका घरानं ठरलेली शादी दुसऱ्या फोटोग्राफरला दिली, कारण नवरदेवाचा मित्र त्या ग्रुपवर होता. भाईंनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. आम्हालाही फोन केला नाही.

"बघ," भुजंगराव म्हणाले. "निर्दोष माणूस गप बसतो का?"

तेव्हा माझं डोकं सटकलं. कारण भाई बोलले असते तर भुजंगराव म्हणाले असते की, बघ, किती खुलासे करून राहिलाय.

मी कॉम्प्युटर सुरू केला. फोटोच्या फाइलमध्ये फक्त फोटो नसतो. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, कधी काढला, सगळं आत नोंदलेलं असतं. आमच्या कॅमेऱ्यांत लेन्सचा नंबरसुद्धा येतो. मुज्तबाभाईंच्या एका जुन्या लग्नाच्या फाइली माझ्याकडे होत्या, रामलिंगची बॅग जायच्या कितीतरी आधीच्या. त्यातली एक उघडली. मग लेन्स उलटी करून तिच्या बुडाशी कोरलेला नंबर पाहिला. तोच. मग रामलिंगची एक जुनी फाइल उघडली. वेगळाच नंबर.

मी भुजंगरावांना बोलावलं आणि दोन्ही नंबर मोठ्यानं वाचायला लावले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"मग कुंकू?"

"चुलीत घाला ते कुंकू! लेन्स त्यांचीच हाय."

"मी फक्त विचारलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'सदर लेन्स श्री. मुज्तबा यांचीच असल्याचे समजते. गैरसमज नसावा.' शेवटी जोडलेले हात. खाली चार-पाच जणांनी अंगठे दाखवले, आणि त्याखाली कुणीतरी आठवण करून दिली की वर्गणी बाकी आहे. विषय मिटला. मला रागानं रडू आलं. खाचेचा तो फोटो बघून ज्यांनी पानभर लिहिलं होतं त्यांना आता एक ओळ सुचेना.

"उठा," मी म्हटलं. "जायचंय देगलूर नाक्याला."

मुज्तबाभाई पासपोर्टचे फोटो कापत होते. आम्हाला बघून कात्री बाजूला ठेवली, उठून खुर्च्या दिल्या आणि समोरच्या हॉटेलाकडे बघून चहाची खूण केली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो चहा मला सोसवला नाही.

"मुज्तबाभाई," भुजंगराव म्हणाले, "ते ग्रुपवरचं... रामलिंगनं उगंच..."

"रामलिंगनं न्हाई," मी म्हटलं. "फोटो यांनी पाठवला. अन् मी शेजारी उभी होते."

"मालूम हाय भाभी." भाई शांतपणे म्हणाले. "फोटोत मागं तुमची पाण्याची टाकी दिसते. तिच्यावरच्या सिमेंटच्या पोपटाला आपण मिळून रंग दिलता, ईदच्या आधी."

भुजंगराव टेबलाकडे बघत राहिले. भाईंनी लेन्स माझ्या हातातून घेतली, बटणाची खाच उजेडाकडे केली. टाचणीनं कोरूनही थोडी लाली उरलीच होती.

"हे बघून वाटलं न भाऊ तुमाला? का मुसलमानाच्या घरी कुंकू कुठनं?"

भुजंगरावांनी टेबलावरची कात्री उचलली आणि परत ठेवली.

"खंडेनवमीला संघटनेच्या ऑफिसात टेबलावर सगळ्यांचे कॅमेरे मांडतात. मीबी मांडतो दरसाल. एका लायनीत. कोणता कोणाचा, कोण बघतंय? पूजा झाली का खोबरं खातो अन् कॅमेरा घेऊन येतो." ते थांबले. "कुंकवाचं ताट कोणाच्या हातात असतंय भाऊ?"

खंडेनवमीला हत्यारं पुजतात तसे आम्ही कॅमेरे पुजतो. मी घरी स्टुडिओतली पूजा करते, आणि भुजंगराव पांढरा शर्ट घालून संघटनेच्या ऑफिसात जातात. सगळ्यांत जुने म्हणून तिथला मान त्यांचा. दुपारी घरी येतात तेव्हा बोट लाल असतं. दरवर्षी मी त्या शर्टाच्या बाहीचा डाग धुते.

"तुमीच लावलं," मुज्तबाभाई म्हणाले. "जरा जास्तच लावता तुमी. बटणात भरलं. घरी आल्यावर घरवाली सुमय्या म्हणली, पुसून देऊ का. मी म्हणलं, नक्को. मोठ्या माणसानं लावलंय, राहू दे."

चहा आला. कुणी घेतला नाही. मी आमच्या माणसाकडे बघितलं. बसल्या जागी ते एकदम म्हातारे दिसले, आणि तरी मला त्यांची दया आली नाही. त्या टेबलावर त्यांनी कितीतरी लेन्सना बोट लावलं होतं. रामलिंगच्या लेन्सला कुंकू होतं, आमच्या आहे, गावातल्या प्रत्येकाच्या असेल. चोरीचं दिसलं ते एकाच लेन्सवरचं. आणि तसं ते मलाही दिसलं होतं.

"भाई, मला ही लेन्स ठेवायची आहे," मी म्हटलं. "द्याल ना?"

त्यांनी ती फडक्यात गुंडाळली. "न्हाई भाभी. आता तुमच्या हातात दिसली का लोक पुन्हा तेच बोलत बसतील. हैदराबादला पाठवून राहिलो. तिथं कोणी वळकत न्हाई."

मग आम्ही लातूरची घेतली. उमाशंकरनी पेढे दिले, भुजंगरावांनी त्यातला एकही फोडून पाहिला नाही. लेन्स चांगली आहे. चित्र खिळ्यासारखं थांबतं, वरात नाचायला लागली की तेवढं उडी मारतं. नवरीच्या आया मला सापडतात. लोक अल्बम बघून डोळे पुसतात. सगळं ठीक आहे, फक्त ती लेन्स मला आवडत नाही.

सराई संपली, पावसाळा गेला. भाईंना काही कामं परत मिळाली, काही मिळाली नाहीत. अल्बम मात्र ते माझ्याकडेच देत राहिले. पूर्वी स्वतः घेऊन यायचे, आता फाइली पाठवून देतात. भुजंगराव दोनदा देगलूर नाक्यापर्यंत जाऊन कोपऱ्यावरूनच परत आले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

खंडेनवमीला मी म्हटलं, यंदा मीही ऑफिसात येणार, कॅमेरा माझाही आहे. कुणी नाही म्हणालं नाही. टेबलावर पांढरी चादर, झेंडूचे हार, एका लायनीत कॅमेरे. मी माझा ठेवला. भुजंगराव ताट घेऊन उभे होते आणि दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होते. मीही दाराकडेच बघत होते. भाई येतील का, एवढंच मनात होतं. नाही आले तर आमचा हिशेब कायमचा चुकला, असं मला वाटत होतं.

ते आले. सगळ्यांना सलाम केला, आपला नवा कॅमेरा लायनीच्या शेवटी ठेवला आणि मागे भिंतीशी उभे राहिले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. भुजंगरावांचा चेहराही उजळला. त्यांनी नारळ फोडला आणि पहिल्या कॅमेऱ्यापासून बोट लावायला सुरुवात केली. यंदा थोडं थोडं, जपून लावत होते. आमच्या लेन्सला लावलं, रामलिंगच्या नव्या लेन्सला लावलं. मग ते लायनीच्या शेवटी आले. कुणी बघत नसल्यासारखे सगळेच बघत होते.

भुजंगरावांनी ताटात बोट पुन्हा ओलं केलं, पुढे नेलं. तेवढ्यात मुज्तबाभाई भिंतीपासून पुढे आले आणि त्यांनी आपला तळहात अलगद कॅमेऱ्यावर ठेवला.

"फूल ठेवा भाऊ," ते हळू म्हणाले. "कुंकू नक्को. उद्या विकायला काढला तर कोणाचा म्हणून सांगू?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते थोडं हसलेसुद्धा, मोठ्या माणसाचा मान राखावा म्हणून हसतात तसं. रामलिंग मोबाइलमध्ये बघू लागला. भुजंगरावांनी दुसऱ्या हातानं झेंडूचं एक फूल उचललं आणि त्या कॅमेऱ्यापुढे ठेवलं. बोटावरचं ओलं कुंकू कुठे पुसावं ते त्यांना कळेना. ते माझ्याकडे बघत राहिले. रुमाल माझ्या हातातच होता, आणि मी तो त्यांना दिला नाही.